वॉल्टर रॉडनी: हद्दपार इतिहासकाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९७१ साली सुनील गावसकरांनी आपलं पहिलं कसोटी शतक काढलं ते गयानातल्या जॉर्जटाऊनमध्ये, बोर्डा मैदानावर. आपल्यापैकी पुष्कळांची त्या शहराशी ओळख तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. त्याच जॉर्जटाऊनचा एक मुलगा त्या वेळी टांझानियात बसून पुस्तक लिहीत होता, कारण ज्या देशातल्या विद्यापीठात तो आधी शिकवत होता त्या जमैकाने त्याला विमानातूनही उतरू दिलं नव्हतं. त्याच्याविषयी बोलायला लागलं की जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत.

वॉल्टर रॉडनी म्हणजे नेमके कोण?

इतिहासकार. जन्म २३ मार्च १९४२, जॉर्जटाऊन. तेव्हाचं ब्रिटिश गयाना. वडील शिंपी, आई घरी शिवणकाम करायची. शिष्यवृत्तीवर क्वीन्स कॉलेज ही तिथली नामांकित शाळा, मग जमैकात पदवी, मग लंडनमध्ये डॉक्टरेट. तीही वयाच्या चोविसाव्या वर्षी. १३ जून १९८० रोजी बॉम्बस्फोटात त्यांचा खून झाला तेव्हा ते ३८ वर्षांचे होते.

गयाना आफ्रिकेत आहे ना?

नाही. तो घाना. गयाना दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. पण भाषा इंग्रजी, खेळ क्रिकेट, आणि मन वेस्ट इंडीजमध्ये. किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत महागडी तपकिरी ‘डेमेरारा’ साखर मिळते ना, ते नाव तिथल्या नदीचं.

राजकारणात ते कसे आले? इतिहास शिकता शिकता की आधीपासूनच?

आधीपासूनच. वडील छेदी जगन यांच्या पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टीचे कार्यकर्ते. शाळकरी वॉल्टर पक्षाची पत्रकं घरोघर वाटायचा. १९५३ मध्ये हा पक्ष निवडणूक जिंकून सत्तेवर आला आणि १३३ दिवसांत ब्रिटिशांनी राज्यघटना स्थगित करून सरकार बरखास्त केलं. पोर तेव्हा अकरा वर्षांचं. निवडून आलेलं सरकार बाहेरून कुणी तरी उचलून फेकतं, हे ज्याने त्या वयात पाहिलं त्याला ‘वसाहतवाद’ या शब्दाची व्याख्या पुस्तकात शोधावी लागत नाही.

पुढे तो पक्ष फुटला. जगन यांच्यामागे बहुतांश भारतीय वंशाचे लोक, फोर्ब्स बर्नहॅम यांच्यामागे बहुतांश आफ्रिकी वंशाचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला या दोन समाजांत दंगली झाल्या, माणसं मेली. रॉडनी स्वतः आफ्रिकी वंशाचे. ही फूट त्यांच्या डोक्यातून कधीच गेली नाही. त्यांचं शेवटचं मोठं पुस्तक एका अर्थाने तिचाच शोध आहे.

त्यांचं संशोधन कशावर होतं?

पश्चिम आफ्रिकेच्या अपर गिनी किनाऱ्यावरचा गुलामांचा व्यापार, १५४५ ते १८००. त्यासाठी ते पोर्तुगीज शिकले आणि लिस्बनच्या दफ्तरखान्यांत जाऊन बसले. तेव्हा पोर्तुगालमध्ये सालाझारची हुकूमशाही होती. गोव्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना लिस्बनची ही वाट नवी नाही: घरचा इतिहास राज्यकर्त्याच्या कपाटात, त्याच्याच भाषेत, त्याच्याच हिशेबाने लावून ठेवलेला. लंडनमध्ये असताना त्रिनिदादचे मार्क्सवादी विचारवंत सी. एल. आर. जेम्स यांच्या घरी भरणाऱ्या अभ्यासवर्गालाही ते जात. दिवसा कागद, संध्याकाळी वाद असा तो दिनक्रम.

जमैकाने त्यांना का हाकललं?

१९६८ च्या सुरुवातीला ते किंग्स्टनजवळच्या मोना इथल्या विद्यापीठात आफ्रिकेचा इतिहास शिकवायला आले. वर्गातल्या व्याख्यानांवर कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती संध्याकाळच्या फेऱ्यांवर. हा प्राध्यापक विद्यापीठाच्या फाटकाबाहेर पडून झोपडपट्ट्यांत जायचा, रास्ताफारी (आफ्रिकेला आपलं मूळ घर मानणारा तिथला गरिबांतला धर्मपंथ) लोकांमध्ये बसायचा. त्या काळात जमैकातला पांढरपेशा समाज रास्ताफारींना गुंड आणि गंजेकरी यापलीकडे काही समजत नव्हता.

ऑक्टोबर १९६८ मध्ये ते माँट्रियलला कृष्णवर्णीय लेखकांच्या परिषदेला गेले. १५ तारखेला परतीचं विमान किंग्स्टनला उतरलं, पण त्यांना काही उतरू दिलं नाही. पंतप्रधान ह्यू शिअरर यांच्या सरकारने प्रवेशबंदी काढली होती. त्याच विमानाने परत कॅनडा. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, शहरातले बेकार तरुण रस्त्यावर आले, बसगाड्या पेटल्या, माणसं दगावली. जमैकाच्या इतिहासात त्या दिवसाला ‘रॉडनी दंगल’ म्हणतात. ज्याच्या नावाने दंगल झाली तो माणूस तेव्हा समुद्रापार होता.

‘ग्राउंडिंग’ हा शब्द सारखा येतो. तो काय प्रकार?

जमैकन बोलीतला शब्द. जमिनीवर एकत्र बसून, बरोबरीच्या नात्याने, घाई न करता केलेली चर्चा. आपल्या पारावरच्या गप्पांच्या जवळचं काही तरी. फक्त तिथे पार नव्हता, उकिरडा होता. रॉडनींनीच लिहून ठेवलंय की कचऱ्याच्या ढिगात गंजलेल्या तेलाच्या पिंपावर बसून आपण या मंडळींशी बोललो आहोत. आफ्रिकेतली जुनी राज्यं, इथिओपिया, गुलामीचा बाजार हे विषय. आणि बोलणं एकतर्फी नव्हतं. आपण तिथे शिकायला जात होतो, असं त्यांचं म्हणणं.

हद्दपारीनंतर ही भाषणं ‘द ग्राउंडिंग्ज विथ माय ब्रदर्स’ या छोट्या पुस्तकात आली (१९६९). ते छापायला लंडनमधल्या जेसिका आणि एरिक हंटली या गयानीज दांपत्याने ‘बोगल-लुव्हर्त्यूर’ ही प्रकाशनसंस्था काढली.

पण ते जमैकाचे नागरिक नव्हतेच. मग याला हद्दपारी कसं म्हणायचं?

कायद्याच्या भाषेत बरोबर आहे. परक्या देशाने परक्या माणसाला दार बंद केलं, एवढंच. माझ्या मते रॉडनींची खरी हद्दपारी पुढे, त्यांच्या स्वतःच्या देशात झाली. तिथे कुणी त्यांना सीमेपार नेलं नाही, फक्त पोटावर पाय दिला. आपल्याकडे तडीपार केलेला माणूस निदान शेजारच्या जिल्ह्यात राहून काम करू शकतो. यांना घरात ठेवून काम काढून घेतलं. त्याबद्दल पुढे.

टांझानियात काय केलं?

काही काळ क्युबात काढून १९६९ मध्ये ते दार-एस-सलाम विद्यापीठात पोचले. तिथे ते आधीही, १९६६-६७ मध्ये, शिकवून गेले होते. राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांचा समाजवादाचा प्रयोग तेव्हा ऐन भरात होता, आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या मुक्तिलढ्यांचे लोक त्या शहरात येऊन-जाऊन असत. पत्नी पॅट्रिशिया पेशाने नर्स. दोन्ही मुली तिथेच जन्मल्या.

तिथेच त्यांनी ‘हाऊ युरोप अंडरडेव्हलप्ड आफ्रिका’ लिहिलं (१९७२). शीर्षकातच सगळा मुद्दा आहे. ‘अंडरडेव्हलप’ हे त्यांनी क्रियापद म्हणून वापरलं: आफ्रिका मागास राहिली नाही, तिला मागास केलं गेलं. गरिबी म्हणजे विकासाच्या गाडीत उशिरा चढणं नव्हे. एकाची बरकत आणि दुसऱ्याची कंगाली हे एकाच व्यवहाराचे दोन रकाने आहेत.

दादाभाई नौरोजी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. फरक असा की दादाभाई आकडे मांडून इंग्रजांच्या न्यायबुद्धीला साद घालत होते. रॉडनींना त्या बुद्धीकडून काडीची अपेक्षा नव्हती. पुस्तकातला एक मुद्दा मला विशेष आवडतो: वसाहतीतले रस्ते आणि रेल्वे एका गावाला दुसऱ्या गावाशी जोडत नाहीत, ते सगळे समुद्राकडे उतरतात. वऱ्हाडातला कापूस उचलायला खामगाव आणि अमरावतीला फाटे काढणारी आपली जीआयपी रेल्वे आठवा. रूळ कुठून कुठे जातात एवढं पाहिलं तरी ते कुणासाठी टाकले हे समजतं.

हे पुस्तक आता जुनं झालंय का?

थोडं झालंय. ते घाईने, सामान्य वाचकासाठी, भांडायच्या पवित्र्यात लिहिलेलं आहे. आफ्रिकेतल्या राज्यकर्त्यांचा स्वतःचा लोभ त्यात हात राखून येतो, आणि सोव्हिएत रशियाबद्दलची त्यांची भाबडी पानं आज वाचवत नाहीत. पण गुलामांच्या व्यापाराने आफ्रिकेचं नुकसान किती डोक्यांनी मोजायचं एवढ्यावरच न थांबता तिथल्या शेतीचं, कसबाचं, भीतीच्या वातावरणाचं काय झालं, हा त्यांनी विचारलेला प्रश्न अजून ताजा आहे.

दलित पँथरशी त्यांचा काही संबंध?

नाही. साल तेच, १९७२, म्हणून जोडायचा मोह होतो. पण पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून.

१९७४ मध्ये गयानाला परतल्यावर काय झालं?

गयाना विद्यापीठाने त्यांची इतिहासाचे प्राध्यापक आणि विभागप्रमुख म्हणून नेमणूक केली होती. कुटुंब आलं, आणि बर्नहॅम सरकारच्या दबावाखाली ती नेमणूक रद्द झाली. देश स्वतंत्र होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती; गोऱ्या साहेबावर ढकलायची सोय नव्हती.

परदेशात कुठलंही विद्यापीठ त्यांना घ्यायला तयार होतं. ते गेले नाहीत. अधूनमधून अमेरिकेत, १९७८ मध्ये हॅम्बुर्गला, असं काही महिने शिकवून यायचं, त्या पैशांवर घर चालवायचं, आणि उरलेला वेळ जॉर्जटाऊनच्या अभिलेखागारात. विभागप्रमुखाची खुर्ची गेली. वाचकाची खुर्ची तेवढी कुणी काढून घेतली नाही.

तिथे बसून काय लिहिलं?

माझ्या मते त्यांचं सर्वांत चांगलं पुस्तक: १८८१ ते १९०५ या काळातल्या गयानीज कष्टकऱ्यांचा इतिहास. हेच ते खऱ्या अर्थाने सामाजिक इतिहासकार रॉडनी. ‘हाऊ युरोप’मुळे नाव झालं, पण या पुस्तकासमोर ते भाषणासारखं वाटतं.

हे पुस्तक चिखलापासून सुरू होतं. गयानाचा किनारा भरतीच्या पातळीखाली आहे. समोरून समुद्र आणि मागून पावसाचं पाणी, यांच्यामध्ये उसाचा मळा. समुद्राकडे बांध, मागे बांध, मध्ये कालवे, आणि ओहोटीला पाणी सोडायला दारं. त्या दाराला तिथे डच शब्द आहे, ‘कोकर’. अलिबाग-पेणकडच्या वाचकाला ही आपली खारजमिनीची ‘उघाडी’ हे लगेच कळेल. गोव्यातल्या खाजणशेतीत त्यालाच ‘मानस’ म्हणतात. एकदा का बांध फुटला की खारं पाणी पीक तर नेतंच, पुढची काही वर्षंही नेतं.

रॉडनी इथे हिशेब मांडतात. एक चौरस मैल उसासाठी ४९ मैल लांबीचे निचऱ्याचे चर आणि १६ मैल वरच्या पातळीचे कालवे. हे सगळं पहिल्यांदा खोदताना किमान १० कोटी टन माती हलवावी लागली, असा अंदाज १९४८ च्या व्हेन साखर आयोगाने केला होता. आयोगाच्या अहवालात तो नुसता आकडा आहे. रॉडनी तो उचलतात आणि विचारतात, हलवली कुणी? गुलामांनी. हातात फावडं, पायाखाली कायमचा चिखल, आणि पाण्याने जड झालेली माती. ही जमीन निसर्गाने दिली नाही आणि मळेवाल्याच्या भांडवलानेही तयार केली नाही. ती माणसांनी टोपल्याटोपल्याने केली.

खारजमिनीचे बांध कुणी घातले आणि पीक कुणाच्या घरी गेलं, या प्रश्नावर आपल्याकडे अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं संप केला होता. म्हणून मला हे प्रकरण वाचताना गयाना लांबचं वाटत नाही.

या पुस्तकात भारतीय मजूर कुठे येतात?

जवळजवळ प्रत्येक प्रकरणात. १८३८ च्या मे महिन्यात ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही दोन जहाजं पहिले गिरमिटिया मजूर घेऊन पोचली. १९१७ पर्यंत सुमारे २ लाख ३९ हजार माणसं आली. बहुतेक भोजपुरी मुलखातली, जहाजं मुख्यतः कलकत्त्याहून सुटलेली. (मराठीत गिरमिट म्हटलं की सुताराचं भोक पाडायचं हत्यार. इथलं गिरमिट म्हणजे ‘अ‍ॅग्रीमेंट’चा अपभ्रंश, पोखरण्याचं काम दोन्ही करतात.)

१८३८ च्या ऑगस्टमध्ये आफ्रिकी गुलाम पूर्ण मुक्त झाले आणि मजुरीचा दर मागू लागले. दर पाडायला मळेवाल्यांनी करारबद्ध मजूर आणले. रॉडनी दाखवतात की त्यांना आणण्याच्या खर्चाचा काही भाग सरकारी तिजोरीतून जाई, आणि तिजोरीत कर भरणारा बराचसा तोच मुक्त झालेला मजूर होता. स्वतःची मजुरी पाडायला स्वतःच वर्गणी द्यायची! यातून दोन समाजांत तेढ येणं साहजिक होतं. पण त्यांचं निरीक्षण असं की एवढं सगळं असूनही त्या काळात या दोघांत उघड मारामाऱ्या आश्चर्य वाटावं इतक्या कमी झाल्या. भांडण होतं ते दोघांचंही मळ्याशी, फक्त वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या ठिकाणी. पुस्तक संपतं १९०५ च्या दंगलीपाशी, जेव्हा जॉर्जटाऊनच्या गोदी कामगारांनी मजुरी वाढवून मागितली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या.

गिरमिटियांच्या प्रश्नाशी महाराष्ट्राचा काही संबंध आला का?

आला, आणि तो दोन टोकांचा आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९३ मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत परदेशी स्थलांतरावर निबंध वाचला. इथल्या दारिद्र्यावर उतारा म्हणून त्यांना हे स्थलांतर एकंदरीत बरं वाटत होतं. त्यांचेच शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत मजूर पाठवणं बंद करावं असा ठराव कायदेमंडळात मंजूर करून घेतला, आणि १९१२ मध्ये ही पद्धतच रद्द करा असा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. गुरूने कागदपत्रांत आकडे पाहिले, शिष्याने त्यामागची माणसं पाहिली असं म्हणायला सोपं आहे. पण मधल्या वीस वर्षांत गांधींची दक्षिण आफ्रिका घडली होती, हे विसरू नये.

राजकारणात त्यांनी नेमकं काय केलं?

‘वर्किंग पीपल्स अलायन्स’ या संघटनेत दोन्ही वंशांचे लोक एकत्र आणले. गयानात घरं खांबांवर उभी असतात. खालच्या मोकळ्या जागेला ‘बॉटम हाऊस’ म्हणतात. तिथे झोपाळा, कपड्यांची दोरी, दुपारची झोप आणि संध्याकाळी रॉडनींचा वर्ग. बॉक्साइट खाणीतले आफ्रिकी कामगार आणि ऊसमळ्यातले भारतीय, दोघांचेही असे वर्ग होत.

ते वक्ते मिस्कील होते. राजा मिडास ज्याला हात लावी त्याचं सोनं होई. बर्नहॅम ज्याला हात लावतात त्याचं काय होतं हे ते सभेत सांगत तेव्हा गर्दी फुटायची. सोनं नव्हे, दुसरी पिवळी गोष्ट, एवढंच इथे लिहितो.

जुलै १९७९ मध्ये सत्ताधारी पक्षाशी संबंधित सरकारी इमारत जळाली आणि रॉडनींवर जाळपोळीचा आरोप ठेवला गेला. १४ जुलैला कोर्टाजवळच्या निदर्शनांचे फोटो काढणारे जेझुइट धर्मगुरू बर्नार्ड डार्क यांना भर रस्त्यात भोसकून मारलं. एप्रिल १९८० मध्ये देशाबाहेर जायची बंदी असताना रॉडनी गुपचूप निसटून झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्याला पोचले. आणि परत आले.

मुलांसाठीही त्यांनी लिहिलं होतं म्हणतात?

हो. त्या धामधुमीतच. गयानातला प्रत्येक समाज कुठून आला हे बाकीच्यांच्या मुलांना कळावं अशी कल्पना. आफ्रिकेतून आलेल्या कोफी बाडूची गोष्ट १९८० मध्ये निघाली. भारतातून आलेल्या लक्ष्मीची गोष्ट त्यांच्या मागे, २००० साली. आफ्रिकी वंशाच्या बापाने आपल्या देशातल्या पोरांसाठी लक्ष्मीची गोष्ट लिहावी, हे मला त्यांच्या सगळ्या जाहीरनाम्यांपेक्षा बोलकं वाटतं.

त्यांचा मृत्यू कसा झाला?

१३ जून १९८०, रात्री. जॉर्जटाऊनच्या तुरुंगाजवळ भाऊ डोनाल्डच्या गाडीत. मांडीवर एक वॉकीटॉकी होती, ती चालते का हे बघायचं होतं. यंत्र दिलं होतं ग्रेगरी स्मिथ नावाच्या लष्करातल्या सार्जंटने. त्यात बॉम्ब होता. डोनाल्ड जखमी होऊन वाचले.

कुणाला शिक्षा झाली?

झाली. जखमी भावाला! स्फोटकं बाळगल्याबद्दल डोनाल्ड यांना १९८२ मध्ये दोषी ठरवलं. स्मिथ फ्रेंच गयानात (हा वेगळा, फ्रान्सचा प्रदेश) जाऊन राहिला आणि २००२ मध्ये तिथेच मेला. २०१४ मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१६ मध्ये अहवाल दिला: हा खून सरकारी यंत्रणेच्या हातून झाला आणि बर्नहॅम यांना तो ठाऊक असलाच पाहिजे. डोनाल्ड यांची शिक्षा अपील न्यायालयाने रद्द केली ती २०२१ मध्ये, चार दशकांनी.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

‘ग्राउंडिंग्ज’पासून, एका बैठकीत संपतं. मग कष्टकऱ्यांचा इतिहास. तो त्यांच्या मागे १९८१ मध्ये आला, कादंबरीकार जॉर्ज लॅमिंग यांच्या प्रस्तावनेसह, आणि १९८२ मध्ये त्याला अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचा बेव्हरिज पुरस्कार मिळाला. पहिलं प्रकरण चिवट आहे, मातीसारखंच. सोडू नका.

गयानात आज त्यांची नोंद कशी आहे?

मृत्यूच्या दाखल्यात व्यवसायाच्या रकान्यात ‘बेकार’ असं लिहिलं होतं. ते खोडून ‘प्राध्यापक’ करायचं गयाना सरकारने २०२१ मध्ये जाहीर केलं.